मते मतदारांची, महापालिका कोणाची?

कल्याण-डोंबिवलीचा मतदार नोव्हेंबर २०१५ मध्ये महापालिकेसाठी मत देऊन घरी गेला, तो पुन्हा मतदान केंद्रावर आला १५ जानेवारी २०२६ रोजी! मधल्या दहा वर्षांत त्याच्या घरी जन्माला आलेले मूल चौथी-पाचवीत गेले, त्याच्या दारातला रस्ता पाचपंचवीस वेळा उखडला गेला आणि तितक्याच वेळा बुजवला गेला, पण "माझा नगरसेवक कोण?" या साध्या प्रश्नाला नोव्हेंबर २०२० पासून त्याच्यापाशी उत्तर नव्हते. कारण नगरसेवकच नव्हते. प्रशासक होता! असा हा सहनशील मतदार अखेरीस आपला हक्क मिळाला म्हणून सकाळी उठून रांगेत उभा राहिला, बोटाला शाई लावून घेऊन परतला आणि दुसऱ्या दिवशी निकाल ऐकून त्याने हिशेब मांडला: १२२ जागांपैकी शिंदे यांची शिवसेना ५३, भारतीय जनता पक्ष ५०, ठाकरे यांची शिवसेना ११, महाराष्ट्र नवनिर्माण सेना ५. शिंदे सेना आणि भाजप यांनी युती करून मते मागितली होती. उद्धव आणि राज ठाकरे यांनी युती करून त्यांच्याविरुद्ध मते मागितली होती. म्हणजे राज्य कोणाचे, हे शेंबड्या पोरालाही सांगता आले असते.

परंतु पोराला कळते ते पुढाऱ्यांना कळत नाही, किंवा कळून घ्यायचे नसते! निकालाला आठवडाही लोटला नाही तोच बेलापूरच्या कोकण भवनात गटनोंदणीसाठी गर्दी उसळली आणि तेथून वार्ता आली की मनसेचे पाचही नगरसेवक शिंदे सेनेच्या पाठीशी उभे राहिले आहेत. ज्यांच्याविरुद्ध गळा फोडून भाषणे केली, ज्यांच्या नावाने बोटे मोडली, ज्यांना हरवण्यासाठी दोन भाऊ वीस वर्षांचे वैर विसरून एका व्यासपीठावर आले, त्यांच्याच गळ्यात पाच दिवसांत हार! बरे, मित्रपक्ष भाजप बरोबर असताना या पाच जणांची गरज शिंदे सेनेला का पडावी? तर ५३ आणि ५० यांतला फरक अवघा तीन. मित्राने महापौरपद मागू नये, यासाठी शत्रूला घरात घेतले! युतीतल्या दोघांचा एकमेकांवर किती गाढ विश्वास आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ठाकरे बंधूंच्या युतीला ज्याने मत दिले, त्याने ते शिंदे सेनेला सत्ता मिळू नये म्हणून दिले होते. शिंदे-भाजप युतीला ज्याने मत दिले, त्याने ते दोघांनी मिळून कारभार करावा म्हणून दिले होते. या दोघांपैकी एकालाही कोणी विचारले नाही. मत दोघांचे, निर्णय तिसऱ्याच खोलीत!

आम्ही हे एका पक्षाच्या द्वेषाने लिहीत आहोत, अशी समजूत कोणी करून घेईल तर त्याने थोडे थांबावे. या हमामखान्यात कपडे घालून उभा असलेला पक्ष आम्हांला तरी एकही दिसत नाही. त्याच मोसमातले अंबरनाथ घ्या. नगरपरिषदेचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आला तो भाजपचा. सभागृहात सर्वांत मोठा पक्ष ठरला शिंदे सेनेचा. आता मित्रपक्षाला दूर ठेवायचे कसे? तर काँग्रेसला जवळ करून! "काँग्रेसमुक्त भारत" ही घोषणा ज्यांनी देशभर गाजवली, त्यांनी अंबरनाथपुरती ती घोषणा खुंटीला टांगली आणि काँग्रेसच्या १२ नगरसेवकांना बरोबर घेऊन "विकास आघाडी" उभी केली. काँग्रेसने आपल्या त्या बारा जणांना निलंबित केले. त्यावर त्या बारा जणांनी काय केले? डोळ्यांत पाणी आणले? क्षमा मागितली? छे! ते सरळ भाजपमध्येच दाखल झाले. हाताच्या चिन्हावर निवडून आलेले हे लोकप्रतिनिधी महिनाभरही त्या हातात राहिले नाहीत. तिकडे अकोल्यातल्या अकोट नगरपरिषदेत तर भाजप आणि ओवेसी यांचा एमआयएम एकाच आघाडीत जाऊन बसले! दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांनी कानांवर हात ठेवले, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अशा आघाड्या खपवून घेणार नाही असे जाहीरपणे बजावले. बजावले हे ठीकच केले. पण वरून दटावल्यावर मोडते ती आघाडी मुळात जमते कशी, हा प्रश्न उरतोच.

आता पाच वर्षे मागे चला. मार्च २०२१. जळगाव महापालिका. ७५ पैकी ५७ नगरसेवक भाजपचे! ५७! तीन चतुर्थांश सभागृह! एवढे बहुमत असताना महापौराची निवडणूक म्हणजे केवळ पेढे वाटण्याची औपचारिकता, असे कोणीही म्हटले असते. प्रत्यक्षात काय घडले? भाजपचे दोन डझनांहून अधिक नगरसेवक एके दिवशी गावातून दिसेनासे झाले आणि ठाण्यात प्रकटले. करोनाचा काळ होता. सभा दूरदृश्य पद्धतीने भरली. जळगावच्या महापौरासाठी ठाण्यात बसून, पडद्यावर तोंड दाखवून मते पडली आणि शिवसेनेचा उमेदवार ४५ विरुद्ध ३० मतांनी निवडून आला. त्याच्याच आधीच्या महिन्यात सांगलीत तेच नाटक झाले होते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०१८ साली लोकांनी ७८ पैकी ४१ जागा देऊन भाजपच्या हाती प्रथमच सत्ता सोपवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौर झाला तो राष्ट्रवादी काँग्रेसचा! त्या वेळी मुंबईत राज्य महाविकास आघाडीचे होते. तेव्हा ज्यांनी टाळ्या पिटल्या, तेच आज लोकशाहीच्या नावाने ऊर बडवीत आहेत. आणि तेव्हा ज्यांनी ऊर बडवला, तेच आज टाळ्या पिटीत आहेत. ऊर बडवणे आणि टाळ्या पिटणे यांची पाळी तेवढी बदलते!

हा रोग नवा नाही, हेही आम्हांला ठाऊक आहे. पुण्यात २००७ साली सुरेश कलमाडी यांच्या काँग्रेसला बाजूला सारण्यासाठी अजित पवार यांच्या राष्ट्रवादीने भाजप आणि शिवसेना यांच्याशी हातमिळवणी केली आणि त्या संसाराला "पुणे पॅटर्न" असे भारदस्त नाव देण्यात आले. मुंबई आणि दिल्लीत काँग्रेसबरोबर सत्ता भोगायची आणि पुण्यात तिच्या विरोधकांबरोबर मांडीला मांडी लावून बसायचे! तोही पॅटर्न पुढे मोडला. त्याआधीही, १९७७ साली, काँग्रेसचे मुरली देवरा मुंबईचे महापौर झाले ते शिवसेनेच्या पाठिंब्याने. नाशिकमध्ये २०१२ साली १२२ पैकी ४० जागा जिंकून मनसे पहिल्या क्रमांकावर आली, तेव्हा तिचा महापौर भाजपच्या मदतीने झाला. अडीच वर्षांनी तिचाच दुसरा महापौर झाला तो काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांच्या मदतीने! नाशिककरांनी हे सारे पाहिले, तोंडाने काही बोलले नाहीत आणि २०१७ साली ४० चे ५ करून टाकले. मुंबईत २०१७ साली शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी चुरस झाली. ऑक्टोबरात मनसेच्या सातांपैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले आणि ती चुरस मतदानाशिवायच सुटली. तेव्हा राज ठाकरे यांना जे दुःख झाले असेल, ते कल्याणच्या ठाकरे सेनेला २०२६ साली झाले. काळाचा न्याय मोठा विचित्र असतो.

यावर आमचे काही व्यवहारचतुर मित्र म्हणतील, "अहो, स्पष्ट बहुमत कोणालाच मिळाले नाही तर आघाडी केल्यावाचून गत्यंतर काय? आणि तुम्ही ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे गोडवे गाता, ती तरी काय एकजिनसी होती? तीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन होते. एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला!"

खरे आहे! समितीतले पक्ष एकमेकांशी कधी गोडीने बोलल्याचे इतिहासाला माहीत नाही. परंतु १९५७ साली हे सारे पक्ष मतदारापुढे *मतदानापूर्वी* एकत्र गेले. आम्ही भिन्न आहोत, आमची मते भिन्न आहेत, पण मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र या एका मागणीसाठी आम्ही एका झेंड्याखाली उभे आहोत, असे त्यांनी चौकाचौकांत सांगितले. मुंबईकराने ते ऐकले, तोलले आणि मुंबई महापालिकेतली काँग्रेसची सत्ता उलथून टाकली. समितीचे मो. वा. दोंदे महापौर झाले. दुसऱ्या वर्षी कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. कम्युनिस्ट महापौराच्या बाजूने प्रजासमाजवादी हात वर झाला, तो कोणाला फसवून नव्हे. मतदाराच्या डोळ्यांदेखत केलेल्या कराराप्रमाणे. १९६८ साली शिवसेनेने १४० पैकी ४२ जागा जिंकल्या, त्याही प्रजासमाजवाद्यांशी उघड युती करून. ती युती कोणाला आवडली, कोणाला आवडली नाही. पण मत देण्यापूर्वी ती सर्वांना ठाऊक होती. आघाडी करणे हे पाप नव्हे. मत घेताना एक चेहरा आणि मत घेतल्यावर दुसरा, हे पाप आहे! लग्नपत्रिकेवर एका वराचे नाव छापायचे आणि बोहल्यावर दुसराच उभा करायचा, याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे?

शास्त्राचा नसेल, पण कायद्याचा आहे! आणि इथेच खरी मेख आहे, म्हणून वाचकांनी थोडे नेटाने पुढचे वाचावे. स्थानिक संस्थांतल्या पक्षांतराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८६ साली स्वतंत्र कायदा केला. ज्या पक्षाच्या अथवा आघाडीच्या नावावर निवडून आलात, तो पक्ष सोडलात किंवा त्याचा पक्षादेश मोडलात तर नगरसेवकपद जाईल, असा त्याचा आशय. हेतू उत्तम! पण समित्यांवरच्या नेमणुकांसाठी महापालिका आणि नगरपरिषदा यांच्या कायद्यांत पुढे एक खिडकी उघडण्यात आली. निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत नगरसेवकांना नवी आघाडी करून तिची नोंदणी करता येते. आणि एकदा नोंदणी झाली की ती आघाडी जणू निवडणुकीच्या आधीपासूनच होती, असे मानून पक्षांतराचा कायदा तिला लागू होतो. पाहिलीत गंमत? काल जमलेल्या मंडळींना कायदा परवाची तारीख बहाल करतो! ज्या आघाडीला एकाही मतदाराने मत दिलेले नाही, तिला मतदाराने निवडून दिलेल्या आघाडीचा मान! निकालानंतरच्या महिन्यात कोकण भवनाच्या आणि जिल्हाधिकारी कचेऱ्यांच्या जिन्यांवर जी धावपळ चालते, रात्री-अपरात्री जी वाहने धावतात, नगरसेवकांना पंचतारांकित हॉटेलांत जी "विश्रांती" घडवली जाते, तिचे मूळ या महिन्याच्या खिडकीत आहे. जानेवारी २०२६ मध्ये मुंबईचा निकाल लागताच शिंदे सेनेने आपले २९ नगरसेवक वांद्र्याच्या हॉटेलात नेऊन ठेवले, ते काही तिथल्या समुद्राची हवा चांगली म्हणून नव्हे. भाजप ८९, शिंदे सेना २९, आणि २२७ च्या सभागृहात बहुमताला हवेत ११४. दोघे मिळून ११८. असे सरळ बहुमत असतानाही स्वतःच्या माणसांना कुलपात ठेवावे लागते! ज्या पक्षाला आपल्या निवडून आलेल्या माणसाचा चार रात्रींचा भरवसा वाटत नाही, त्याने त्याच माणसाचा पाच वर्षांचा भरवसा मतदाराला कोणत्या तोंडाने दिला होता?

दुसरी खिडकी दोन तृतीयांशांची. एकट्याने उडी मारली तर तो फितूर. पक्षातल्या तिघांपैकी दोघांनी हातात हात घालून मारली तर ते "विलीनीकरण"! फितुरी घाऊक भावाने केली की ती कायदेशीर होते. छोट्या पक्षांचे दोन-चार, पाच-सात नगरसेवक म्हणूनच मोठ्या पक्षांच्या डोळ्यांत भरतात. साठांचा पक्ष फोडायला चाळीस माणसे लागतात. सातांचा फोडायला पाच पुरतात. आणि या सगळ्यावर निवाडा कोण करणार? महापालिकेच्या बाबतीत विभागीय आयुक्त, नगरपरिषदेच्या बाबतीत जिल्हाधिकारी. दोघेही सरकारचे नोकर. त्यांच्या निवाड्यावर अपील कोणाकडे? राज्य सरकारकडे! म्हणजे ज्या पक्षाने नगरसेवक पळवला, तोच मंत्रालयात बसलेला असेल तर चोरीची फिर्याद त्याच्याच ओसरीवर नोंदवायची. सुनावणीमागून सुनावणी निघते, तारखेमागून तारीख पडते आणि सभागृहाची मुदत आधी संपते की प्रकरण आधी संपते, अशी ती शर्यत होते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असेही कोणी भाबडेपणाने विचारील. मुंबईचा महापौर तर मानाचा धनी. १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार दिला आहे तो आयुक्ताला, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. मग महापौराच्या त्या झग्यासाठी एवढा जीव का टाकावा? उत्तर एका शब्दात सांगता येते: स्थायी समिती! मुंबईच्या २७ जणांच्या या समितीपुढे कंत्राटे मंजुरीला येतात, अर्थसंकल्प आधी येतो तो तिच्यापुढे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. देशातल्या काही लहान राज्यांना हेवा वाटावा अशी ही थैली! त्या थैलीच्या नाडीवर कोणाचे बोट असावे, हे सभागृहातल्या पक्षबळावरून ठरते. कारण समित्यांतल्या जागा पक्षबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात. म्हणून गटनोंदणीतला एकेक नगरसेवक हा नुसता हात नसतो. तो समितीतल्या खुर्चीचा चतकोर असतो, पंचमांश असतो. दोन पक्ष एकत्र नोंदले गेले की त्यांच्या अपूर्णांकांची बेरीज होते आणि कधी त्या बेरजेतून एक अख्खी जास्तीची खुर्ची निघते. आम्ही कोणावर पैसे खाल्ल्याचा आरोप करत नाही. आमचे म्हणणे एवढेच की खुर्च्यांचे गणित मांडताना पाण्याच्या नळाचे, नाल्याचे आणि इस्पितळातल्या खाटेचे गणित कोणीच मांडत नाही. कल्याणच्या गटनोंदणीच्या वेळी वृत्तपत्रांतून जे छापून आले, त्यात महापौर कोणाचा, उपमहापौर कोणाचा, स्थायी कोणाला याचा तपशील ओळीओळीत होता. डोंबिवलीच्या कचऱ्याचे काय करणार, हे एका ओळीतही आम्हांला सापडले नाही.

आणि ज्या सभागृहासाठी ही मारामारी, त्या सभागृहाची या सत्ताधाऱ्यांनी आणि त्यांच्या पूर्वसूरींनी काय किंमत केली, तेही ध्यानात असू द्या. राज्यघटनेतल्या ७४ व्या दुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे देशातले हे सर्वांत श्रीमंत शहर एका अधिकाऱ्याच्या सहीवर चालले! इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, हे खरे. तो महत्त्वाचा होता, हेही खरे. परंतु त्याच काळात प्रभागरचनेचा जो खेळ झाला, त्याला न्यायालय जबाबदार नव्हते. एका सरकारने मुंबईच्या २२७ जागांच्या २३६ केल्या, दुसऱ्या सरकारने २३६ च्या पुन्हा २२७ केल्या. इतर शहरांत प्रभाग कधी एकाचा, कधी दोघांचा, कधी तिघांचा, कधी चौघांचा! नगराध्यक्ष थेट निवडावा असे एक सरकार २०१६ साली म्हणाले, नको असे दुसरे २०२० साली म्हणाले, हवाच असे तिसरे २०२२ साली म्हणाले. ज्याला जी खेळपट्टी मानवते, त्याने ती रात्रीतून खणायची! अखेरीस ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली आणि तीही पुढे वाढवून ३१ जानेवारी २०२६ करावी लागली. तेव्हा कुठे मतपेटी उघडली. (मतपेटी म्हणायची जुनी सवय, आता यंत्र आहे.) उघडण्यापूर्वीच राज्यातल्या महापालिकांत साठांहून अधिक उमेदवार बिनविरोध "निवडून" आलेले होते. तेथल्या मतदारांना तर दहा वर्षांनी आलेली शाईसुद्धा बोटाला लागली नाही!

मुंबई शहराला या गोष्टीचे विशेष वाईट वाटले पाहिजे, कारण नगरसभेच्या हक्कासाठी भांडण्याची परंपरा या शहराची आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबईला मर्यादित का होईना पण निवडणुकीचा हक्क मिळाला, त्यामागे फिरोजशहा मेहता यांच्यासारख्यांचा आग्रह होता. त्याच मेहतांना पालिकेबाहेर काढण्यासाठी १९०७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी संगनमत केले. जस्टिसांच्या मतदारसंघात १६ जागा आणि मेहतांचा क्रमांक लागला सतरावा! त्या कटाला "कॉकस" हे नाव पडले आणि साऱ्या शहरात संतापाची लाट उसळली. मेहता पुढे सभागृहात आले. पण सांगण्याजोगी गोष्ट ती नव्हे. सांगण्याजोगी गोष्ट ही की तेव्हाच्या मूठभर करदात्यांनाच मत होते, बहुसंख्य मुंबईकरांना ते नव्हतेच. तरीही सभागृहाचा ताबा पडद्याआडून ठरवला जातो आहे हे पाहून शहर खवळले होते. आज मत प्रत्येक प्रौढाला आहे. आणि जानेवारी २०२६ मध्ये मुंबईत ते बजावायला आले निम्म्याहून थोडे अधिक! घरी राहिलेल्यांना आम्ही आळशी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांचा हिशेब असा आहे की मत कोणालाही दिले तरी माणूस जातो तिकडेच जातो. हा हिशेब चुकीचा आहे, असे त्यांना छातीठोकपणे सांगावे अशी सोय कोणत्याही पक्षाने ठेवलेली नाही.

मग करायचे काय? नगरसेवकांच्या सद्‌बुद्धीला आवाहन करून आम्ही आमची शाई वाया घालवणार नाही. खिडक्या बंद करा! निकालानंतर जमलेल्या आघाडीला निकालापूर्वीच्या आघाडीचा दर्जा देणारी तरतूद काढून टाका. निवडणुकीनंतर दोन पक्षांना एकत्र यायचे असेल तर खुशाल यावे; पण त्यांनी कोणत्या कामासाठी, कोणत्या अटींवर, कोणती पदे वाटून घेऊन हात मिळवले, याचा लेखी करार त्या शहराच्या सूचनाफलकावर आणि वृत्तपत्रांत आठ दिवसांत प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि समित्यांतल्या जागा मात्र मतदाराने दिलेल्या बळावरच मोजल्या गेल्या पाहिजेत. हा एक बदल झाला तरी हॉटेलांचे अर्धे गिऱ्हाईक तुटेल. दोन तृतीयांशांचे विलीनीकरण स्थानिक संस्थांत मुळीच नको. ज्याला पक्ष सोडायचा आहे त्याने राजीनामा द्यावा, नव्या चिन्हावर त्याच गल्लीत पुन्हा मते मागावीत आणि तिथल्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. पोटनिवडणुकीचा खर्च होईल म्हणता? चार वर्षे निवडणुका न घेऊन जो पैसा वाचवलात, त्यातून करा! अपात्रतेचा निवाडा सरकारी अधिकारी आणि सरकार यांच्या हातून काढून घेऊन राज्य निवडणूक आयोगाकडे द्या आणि त्याला नव्वद दिवसांची मुदत घाला.

यांतले काहीही अवघड नाही. यासाठी घटना बदलावी लागत नाही, दिल्लीला जावे लागत नाही. हे सारे कायदे महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे आहेत. प्रभागाची संख्या बदलायला ज्या विधिमंडळाला एक अधिवेशन पुरते, त्याला हेही एका अधिवेशनात करता येईल. सरकार करणार नाही, असे आम्ही गृहीत धरतो. विरोधकही फार उत्साह दाखवतील असे नाही, कारण उद्या खिडकी त्यांनाही लागणार आहे. परंतु अशासकीय विधेयक मांडायचा हक्क प्रत्येक आमदाराला आहे. कल्याणचा मांडो, अंबरनाथचा मांडो, जळगावचा मांडो, सांगलीचा मांडो. जो मांडील, त्याच्या चिन्हाकडे न पाहता त्याचे नाव आम्ही याच पानावर, याच जागी छापू. आणि त्या विधेयकावर मतदान झाले तर कोणी हात वर केला आणि कोण सभागृहाबाहेर चहा प्यायला गेला, त्याचीही यादी मतदारसंघासह छापू.